भाग १४ : सर्व्हरने मलाच बाहेर ठेवलं तेव्हा

आजचा भाग मी गावाहून रेकॉर्ड करतोय. आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. मागे कूलरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

बीटेक झाल्यापासून माझं काम सर्व्हर सांभाळायचं. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आणि मी इथे. मधला दुवा एकच, एसएसएच. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायची, ती तिकडे चालते आणि उत्तर इकडे दिसतं. नुसती अक्षरं जातात-येतात, म्हणून रेंज कमी असली तरी काम भागतं.

हे एसएसएच आलं १९९५ मध्ये. त्याआधी लोक टेलनेट वापरायचे. त्यात पासवर्ड उघडाच जायचा, मधे बसलेला कोणीही वाचू शकायचा. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरीला गेले. तेव्हा तिथल्याच तातू युलोनेन यांनी सगळं बोलणं कुलूपबंद करणारा हा प्रोग्राम लिहिला. त्याला पोर्ट मिळाला २२, एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्या बरोबर मधला.

आता माझी फजिती ऐका. एका दुकानाची ऑर्डर घेणारी वेबसाइट होती. डिस्क भरत आली होती, रात्री जुन्या लॉग फाइल्स काढायच्या होत्या. म्हटलं, आधी फायरवॉल लावून टाकू. वेबसाइटसाठी ८० आणि ४४३ पोर्ट उघडले, फायरवॉल चालू केली. सगळं नीट दिसलं. लॉगआउट केलं आणि जेवायला गेलो.

परत आलो तर कनेक्शन टाइमआउट! २२ नंबर उघडायचाच विसरलो होतो. मग आधी का चाललं? कारण फायरवॉल सहसा चालू असलेलं कनेक्शन तोडत नाही, नवीन येणाऱ्याला अडवते. मी आत होतो तोवर मला कळलंच नाही. आणि तिकडे डिस्क भरतच होती. पूर्ण भरली असती तर सकाळच्या ऑर्डर बंद.

क्लाउडवाल्यांचं वेब कन्सोल असतं. सर्व्हरला थेट स्क्रीन-कीबोर्ड जोडल्यासारखं ते चालतं, फायरवॉल आडवी येत नाही. पण तिथे पासवर्ड लागतो आणि मी तर नेहमी एसएसएच कीने जायचो. पासवर्ड आमच्या सरांकडे. रात्री साडेअकराला त्यांना झोपेतून उठवलं. ते एवढंच म्हणाले, "दुसरी विंडो उघडून पाहिली नव्हती का रे?"

तेव्हापासून माझे तीन नियम आहेत.

एक, फायरवॉल किंवा एसएसएचची सेटिंग बदलली की पहिली विंडो बंद करायची नाही. दुसऱ्या विंडोतून नव्याने लॉगिन करून पाहायचं. जमलं, तरच पहिली बंद.

दोन, बदल करण्याआधी परतीची वाट ठेवायची. 'ॲट' नावाची कमांड आहे, तिला सांगायचं, दहा मिनिटांनी फायरवॉल बंद कर. सगळं ठीक असेल तर तो आदेश रद्द करायचा. बाहेर अडकलात, तर दहा मिनिटांनी दार आपोआप उघडतं.

तीन, लांबलचक काम टीमक्समध्ये चालवायचं. इकडे लाइट गेली, नेट गेलं, तरी तिकडचं काम चालू राहतं. परत लॉगिन करून तिथूनच पुढे.

सरावाला भाड्याचा सर्व्हर नको. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, एसएसएच सर्व्हर चालू करा. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स घ्या, त्यात ओपनएसएसएच टाका आणि एकाच वायफायवरून लॅपटॉपमध्ये शिरा. तिथे मुद्दाम स्वतःला बाहेर अडकवून बघा. लॅपटॉप समोरच आहे, कोणाला झोपेतून उठवावं लागणार नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर पहिली विंडो उघडीच ठेवा!