कुंचल्याचे खेळकर अक्षर



आमचा आणि अक्षराचा संबंध खळीच्या डब्यापासून आला. रात्री भिंतीवर पत्रके चिकटवायची आणि सकाळी कामगार ती वाचतात की नाही हे पाहायचे, एवढेच आमचे अक्षरशास्त्र. मध्यंतरी एका कारखान्यात थकलेल्या पगारासाठी आम्ही द्वारसभा बोलावली. पत्रक जुळवणाऱ्या उत्साही पोराने संगणकातला कुंचल्याच्या वळणाचा एक नाचरा टंक वापरला. पाळी सुटली. माणसे पत्रकावरून नजर फिरवून पुढे चालू लागली. एकाने तर विचारले, "भाऊ, पूजा कुणाकडं हाय?" सभेला मूठभर माणसे आली.

त्या रात्री आम्ही पोरावर रागावलो. दोष अक्षराचा नव्हता, हे उशिरा उमगले. शब्द वाचण्यापूर्वी माणूस अक्षराचा चेहरा वाचतो. बारसे, मिठाईचे दुकान, मुलांचे पुस्तक, विनोदी नाटक येथे हा हसरा चेहरा शोभतो. उपाशी घराची गोष्ट त्याच चेहऱ्याने सांगितली, तर ती कोणाला खरी वाटत नाही.

मग आम्ही या अक्षराच्या मागे लागलो. फ्रान्समध्ये रॉजे एक्स्कोफों यांनी १९५३ साली स्वतःच्या हस्ताक्षरावरून 'मिस्त्राल' नावाचा टंक केला. शिशाचा प्रत्येक खिळा वेगळा, तरी छापल्यावर अक्षरे हातात हात घालून चालतात. त्यासाठी एका अक्षराचे शेपूट जेथे संपते, नेमके तेथेच पुढचे अक्षर सुरू व्हावे लागते. इतके मोजमाप केल्यावर ती बेफिकिरी दिसते!

आपल्या देवनागरीत अक्षरे डोक्याशी जुळतात. पाट्या रंगवणारा पेंटर आधी शब्द लिहितो आणि शिरोरेषा शेवटी एका झटक्यात ओढतो. टंकातले प्रत्येक अक्षर मात्र आपल्या वाट्याची रेघ डोक्यावर घेऊनच जन्मते. ती रेघ जरा डौलात झुकवली की शेजारणीशी जुळत नाही. वेलांट्या, मात्रा आणि जोडाक्षरे यांचा संसार आणखी निराळा. कमल शेडगे नाटकाचे नाव लिहीत, तेव्हा ही अडचण त्यांना नव्हती. प्रत्येक शब्द ते नव्याने घडवीत. एका नावात दोन 'क' आले, तर दोन्ही वेगळे काढायला हात मोकळा होता. आता संगणकाच्या टंकातही एका अक्षराची दोन-तीन रूपे ठेवता येतात. पण ती आधी कोणीतरी हाताने काढावीच लागतात.

तो हात कोणाचा, हे विचारण्याची आम्हांस खोड आहे. हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांकडून अक्षरे लिहून घेतली, त्यांचे टंक केले आणि त्यांना पेंटरांचीच नावे दिली. आम्हांला हे फार आवडले.

पुढच्या सभेचे पत्रक आम्ही ठसठशीत, सरळ टंकात छापले. पोराचा नाचरा टंक संघटनेच्या स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणावर गेला आणि तेथे खुलला. आमचे कापडी फलक पूर्वी रंगवणारे पेंटरकाका संमेलनाला आले होते. फ्लेक्स आल्यापासून त्यांचे काम गेले आहे. निमंत्रण डोळ्यांजवळ धरून ते म्हणाले, "भाऊ, अक्षर झकास आहे. पण ही शिरोरेषा मध्येच कोणी तोडली?"