खाली दुकान, वर घर



गणपतीत नगररचनेचा विषय कशाला, असं आपल्याला वाटेल. पण आरतीला माणसं कमी का होतात, याचं थोडं उत्तर शहराच्या नकाशातही आहे.

१९५६ साली भोपाळ राजधानी झालं आणि टी. टी. नगरात, म्हणजे आपल्या तात्या टोपे नगरात, सरकारी क्वार्टर्स उभी राहिली. आमच्यातले बरेच जण तिथेच वाढलो. न्यू मार्केट, भाजी, शाळा, गणपती, सगळं पायी. पुढे स्मार्ट सिटीच्या ३४२ एकरांत यातली कितीतरी क्वार्टर्स पाडली गेली. आम्ही कोलार, होशंगाबाद रोड, अयोध्या बायपासकडे पांगलो. आता आरतीला यायचं तर आधी गाडी कोण चालवणार ते ठरवावं लागतं.

उलट महाराणा प्रताप नगर पाहा. दिवसा गाडी लावायला जागा नाही. कचेऱ्या बंद झाल्या की वरचे मजले अंधारात. रस्ता, नळ, वीज, आता मेट्रोही आहे. राहणारी माणसं तेवढी कमी.

अशा व्यापारी भागात वरच्या मजल्यांवर घरांना सरळ मुभा असावी, एवढंच आमचं म्हणणं. यात नवीन काही नाही. आपल्या चौकात आणि पुण्याच्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या खाली दुकान, वर घर चालत आलंय.

मात्र आम्ही डिप्लोमावाले, जिना आधी पाहतो. घरांचा जिना वेगळा हवा, अग्निशमनाची गाडी आत यायला हवी, पाण्याचा हिशेब आधी व्हावा. आणि निवृत्तांना, नव्या जोडप्यांना परवडतील अशी लहान घरं हवीत. नाहीतर तिथेही पुन्हा ऑफिसंच थाटली जातील.

२००५ पर्यंतचा आराखडा त्यानंतरही वर्षानुवर्षं चालला. २०३१ चा मसुदा २०२० मध्ये निघाला. १९७३ च्या कायद्यानुसार मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी निदान ३० दिवस मिळतात. त्या दिवसांत आपण लग्नकार्यात असतो आणि नंतर चहावर चर्चा करतो!

पुढच्या वेळी मंडळाच्या नावाने, सह्यांनिशी एक सूचना जाऊ द्या. आपल्या म्हाताऱ्यांना आरतीला पायी येता यावं, एवढंच मागणं.

गणपती बाप्पा मोरया!