कापसाच्या वावरातला गवई
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज एका गवयाची गोष्ट सांगणार आहे. शेतकऱ्यांच्या मेळाव्यात गवई कशाला, असं कुणी म्हणेल. पण हा गवई कापसाच्या वावरात वाढला आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या बाजूनं उभा राहिला. नाव विली नेल्सन. देश अमेरिका, राज्य टेक्सास.

टेक्सासच्या मधल्या भागात ॲबट नावाचं छोटं गाव आहे. जमीन आपल्यासारखीच काळी. पावसात चिकटणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. त्या पट्ट्यात कापूस होतो, मका होतो, ज्वारीही होते. फक्त तिथली ज्वारी बहुतेक जनावरांच्या पोटात जाते. या गावी 1933 साली विली जन्मला. आईबाप लहानपणीच सोडून गेले. आजीआजोबांनी वाढवलं. आजोबा लोहार. पोरगं सहा वर्षांचं असताना त्यांनी हातात गिटार दिली, आणि पुढं लवकरच ते वारले. आजीबरोबर पोरगं कापूस वेचायला जाऊ लागलं. ते काम त्याला कधीच आवडलं नाही. पण शेजारच्या ओळीत वेचणारे काळे आणि मेक्सिकन मजूर गात असत, ते गाणं कानात राहिलं.

तिकडं खेड्यातल्या माणसाच्या गाण्याला 'कंट्री' म्हणतात. विली तशी गाणी लिहू लागला. पण घरात पैसा नव्हता. 'फॅमिली बायबल' नावाचं गाणं त्यानं 50 डॉलरला विकून टाकलं. 1960 साली दुसऱ्याच्या आवाजात ते गाजलं. त्यावर विलीचं नावही नव्हतं. अडचणीत माल घालायचा आणि तेजी दुसऱ्यानं खायची, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. पुढं 1961 साली 'क्रेझी' हे त्याचं गाणं पॅट्सी क्लाइननं गायलं. 1975 नंतर तो स्वतःच मोठा गायक झाला.

आता खरी गोष्ट. 1970 नंतरच्या दशकात अमेरिकी सरकारनं शेतकऱ्याला सांगितलं, कुंपणापर्यंत पेरा, धान्य परदेशात विकू. जमिनीच्या किमती चढत होत्या, बँका कर्ज देत होत्या. मग 1979 पासून व्याज भडकलं. 1980 साली सरकारनंच रशियाला धान्य विकायला बंदी घातली. भाव पडले. आयोवा राज्यात 1981 ते 1986 या पाच वर्षांत जमिनीची किंमत निम्म्याहून खाली आली. घरादाराचे लिलाव निघाले. काही शेतकऱ्यांनी जीव दिला. जास्त पिकवा म्हणणारे बाजूला राहिले, कर्ज शेतकऱ्याच्या नावावर राहिलं.

जुलै 1985 मध्ये इथिओपियाच्या दुष्काळासाठी फिलाडेल्फियात गाण्याचा मोठा कार्यक्रम झाला. बॉब डिलन हा गायक मंचावरून म्हणाला, यातले थोडे पैसे आपल्या शेतकऱ्यांच्या गहाण जमिनींसाठीही द्यावेत. पुष्कळांनी नाकं मुरडली. विलीनं मात्र मनावर घेतलं. नील यंग आणि जॉन मेलनकँप यांना जोडीला घेऊन 22 सप्टेंबर 1985 ला इलिनॉय राज्यात 'फार्म एड' भरवलं. सुमारे 80 हजार माणसं आली, 70 लाख डॉलरहून जास्त जमा झाले.

रक्कम मोठी वाटते ना? हिशेब करा. त्या वेळी तिथल्या शेतकऱ्यांवर सुमारे 200 अब्ज डॉलर कर्ज होतं. म्हणजे लाखाच्या कर्जाला साडेतीन रुपये! वर्गणीनं कर्ज फिटत नसतं. हे विलीच्याही ध्यानात आलं. 1987 साली मेलनकँपला सोबत घेऊन तो संसदेपुढं गेला, आणि कास्तकारांनाही तिथं नेलं. आपलं दुखणं त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं. त्याच वर्षीच्या शेती कर्ज कायद्यानं सरकारी कर्जाबाबत ठरवलं, की लिलावाआधी कर्जाची फेरमांडणी परवडते का ते तपासायचं. कर्जदार आणि सावकार यांच्यात मध्यस्थी करणाऱ्या राज्यांना पैसाही दिला.

पुढं 1990 साली जप्ती विलीच्याच दारात आली. 1 कोटी 67 लाख डॉलरचा कर थकला होता. गिटार तेवढी त्यानं आधीच मुलीकरवी हलवली. काम करायचं अवजार गेलं तर फेडणार कशानं? लिलावातल्या काही वस्तू चाहत्यांनी घेऊन त्याला परत दिल्या. त्यानं गाणी गाऊन, ती विकून 1993 पर्यंत हिशेब मिटवला.

फार्म एडला 2025 साली 40 वर्षं झाली. 92 वर्षांचा विली मंचावर होता. पण 1982 च्या गणतीत अमेरिकेत सुमारे 22 लाख 40 हजार शेतं होती, 2022 मध्ये 19 लाख उरली. एवढा श्रीमंत देश, एवढा मोठा गवई, तरी गळती थांबली नाही. गाण्यानं माणसं गोळा झाली, थोडे लिलाव टळले, हे खरंच. पण शेत टिकतं ते पिकाला खर्च भरून निघेल असा भाव मिळाला तर. चाळीस वर्षं गाऊन विली तेच सांगत आला आहे.