बोटीवरचा पगार



भाताच्या लावणीच्या दिवसांत खेड्यात एक गोष्ट नेहमी घडते. गावातल्या बायका मजुरी वाढवून मागतात आणि शेतमालक म्हणतो, "असू द्या, पलीकडच्या गावची माणसं आणतो." मागणी तिथेच विरते. दोन्ही गावांनी मिळून एकच दर धरला, तर मात्र मालकाला बोलणी करावीच लागतात. हीच गोष्ट समुद्रावर कशी घडली, ते आज पाहू.

कोकणातली आणि गोव्यातली कितीतरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या 'बोटीवर' आहेत. बोटीचा मालक एका देशाचा, तिच्यावर निशाण पनामाचे किंवा लायबेरियाचे, आणि खलाशी फिलिपाइन्सचे नि भारताचे. परके निशाण लावले, की मालकाला आपल्या देशाचे कर नि कामगार कायदे टाळता येतात. माणूस जिथे स्वस्त, तिथून घेता येतो. मग पगाराची बोलणी करायची कोणत्या देशाच्या युनियनने?

याचे उत्तर आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने शोधले. १८९६ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या या महासंघाने १९४८ पासून अशा निशाणांविरुद्ध मोहीम चालवली. खलाशी भरसमुद्रात एकटा खरा. पण बोट कधी ना कधी धक्क्याला लागणारच, आणि तिथे माल उतरवणारे गोदी कामगार असतात. अनेक बंदरांत ते खलाशांच्या पाठीशी उभे राहिले. करार नाही, तर माल हलायचा नाही! बोट एक दिवस अडकली तरी मालकाचे नुकसान मोठे. हळूहळू करार होऊ लागले. २००३ साली तर मालकांच्या संघटना आणि महासंघ यांनी एकत्र बसून अनेक देशांच्या खलाशांसाठी एकच सौदा ठरवला.

यात एक अवघड पेच आहे. सगळीकडे दर सारखा झाला, तर मालक आपल्या मुलांना घेईल कशाला? गरीब देशांची ही भीती काही खोटी नव्हे. उलट श्रीमंत देशांचा खलाशी म्हणे, "हे स्वस्तात जातात नि आमची भाकरी जाते." दोघांनाही पटेल असा मार्ग एकच, तो म्हणजे ज्याच्या खाली कोणी उतरायचे नाही असा किमान दर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या बैठकीत कुशल खलाशाचा असा मूळ पगार १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ६५८ डॉलर ठरला.

आता घरच्या उपयोगाचे. २००६ चा सागरी श्रम करार भारताने २०१५ साली स्वीकारला. नोकरी लावून दिल्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पासपोर्ट, वैद्यकीय दाखला आणि खलाशाची सीडीसी पुस्तिका, एवढाच खर्च त्याने करायचा. तेव्हा एजंटापायी जमीन गहाण टाकण्याआधी करारनामा मागा, आणि बोटीला युनियनचा करार लागू आहे का, तेही विचारा. गुरुजींनी शाळेत मुलांना एवढे जरूर सांगावे. उद्या त्यांतलाच कोणी बोटीवर जाणार आहे.