तिळावरचा कवटीवाला पतंग



भाद्रपदात लाखनी-साकोलीकडे धान निसवू लागतो, तेव्हा धुऱ्यावरचा तीळही फुलावर असतो. अशात एखाद्या झाडाचा शेंडा पार भुंडा दिसतो आणि बुडाशी जाड लेंड्या पडलेल्या असतात. नीट पाहिलं तर बोटाएवढी हिरवी अळी सापडते. अंगावर तिरपे पट्टे, मागच्या टोकाला खरबरीत, वळलेलं शिंग. शिंग दिसलं की माणूस हात मागे घेतो. पण ते टोचत नाही, त्यात विषही नाही.

ही अळी जमिनीत शिरून कोषात जाते आणि त्यातून हॉक मॉथ कुळातला अकेरॉन्टिया स्टिक्स हा मोठा पतंग निघतो. पाठीवर थेट माणसाच्या कवटीसारखी खूण. धरला तर उंदराच्या पिलासारखा चिंचिं करतो. युरोपात त्याच्या भाऊबंदाला मरणाचा दूत समजत, यात नवल नाही.

मला मात्र कवटीपेक्षा त्याचं तोंड नवलाचं वाटतं. या कुळातल्या कितीतरी पतंगांची सोंड लांबलचक असते. मादागास्करचं एक खोल नळीचं ऑर्किड पाहून डार्विनने 1862 साली सांगितलं होतं, की तेवढ्याच सोंडेचा पतंग तिथे असणार. 1903 मध्ये त्या पतंगाची नोंद झाली. आपल्या या गड्याची सोंड आखूड, जाड आणि टोकदार. ती फुलासाठी नाहीच. पोळ्यातल्या मधाच्या घरांवरचं मेण फोडायला आहे. रात्री तो सरळ मोहोळात शिरतो. माश्या त्याला कशा येऊ देतात? त्याच्या युरोपीय भाऊबंदाच्या अंगावर मधमाश्यांच्या अंगावर असतात तशीच मेदाम्लं सापडली आहेत. अंधारात माशी वासानेच आपलं-परकं ओळखते. त्याचा तो चिंचिं आवाजही घशातून हवा ओढून-सोडून निघतो, म्हणजे मध ओढायच्या अवजारातूनच.

आता गंमत पाहा. तिळाच्या फुलांवर मधमाश्या येतात. पोरांनी तिळाची पानं खायची आणि मोठ्यांनी त्याच तिळाचा मध चोरायचा! इतका हिशेबी चोर मी दुसरा पाहिला नाही.

धुऱ्यावरच्या थोड्याशा तिळासाठी फवारणीचा पंप काढू नका. ऐन फुलोऱ्यात औषध मारलं तर आधी माश्या मरतील. सकाळी फिरून अळ्या हाताने वेचा. पीक निघाल्यावर खोल नांगरा. तपकिरी कोष वर येतात आणि बगळे, साळुंक्या नांगरामागेच असतात.