सिनेमाची लिंक आणि कपाटाची किल्ली



पूर्वी अमरावती-अकोल्यात सिनेमाची कॅसेट भाड्याने मिळे. ती शेजाऱ्याला देताना घरच्या कपाटाची किल्ली कोणी देत नसे. आज मात्र नकळत तेच घडते. माझ्या एका विद्यार्थ्याने सिनेमा पाहण्यासाठी आपल्या क्लाउडवरील फोल्डरची लिंक मित्रांना पाठविली. त्याच फोल्डरात बहिणीचे आधार कार्ड, शिष्यवृत्तीचे कागद आणि घरचे फोटो होते! लिंक सर्वांसाठी खुली ठेवली, की ती कुठवर जाईल हे आपल्या हाती राहत नाही.

दुसरी बाब कायद्याची. २०१६ साली नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'च्या चोरट्या प्रती अशाच फिरल्या. अशी प्रत जाणूनबुजून वाटणे हा कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ खाली गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. पैसे घेतले नाहीत म्हणून गुन्हा पुसला जात नाही. फार तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते.

तेव्हा पालकहो, आज घरी गेल्यावर रागावू नका. मुलाजवळ बसा आणि खुल्या लिंका दोघे मिळून बंद करा.