औंढ्याचे आरसे आणि अणूंची थरथर

आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. एप्रिल 2023मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येकी 4 किलोमीटरची, आणि त्यांत टांगलेले सुमारे 40 किलोंचे आरसे.

आरसा कितीही स्थिर टांगा, त्यातले अणू उष्णतेने थरथरतच राहतात. आरशावर सिलिका आणि टँटलम ऑक्साइडचे पातळ थर असतात. त्या थरांतली थरथर हाच सूक्ष्म मापनातला एक मोठा अडथळा!

हाच टँटलम निकेल आणि सेलेनियमबरोबर स्फटिकात बसला, की निराळेच घडते. सुमारे 55 अंश सेल्सिअसखाली अणूंची जाळी किंचित कलते आणि वीज वाहण्याची रीतही बदलते. हे कोण घडवते? इलेक्ट्रॉन आणि त्याच्यामागे उरलेली रिकामी जागा यांची जोडी, म्हणजे एक्सायटॉन, की जाळीची कंपने? शास्त्रज्ञांत यावर अजून वाद आहे. मला तर हा प्रश्न फार मोलाचा वाटतो.

विद्यार्थी मित्रांनो, कंपनांचा धडा ऑप्शनला टाकू नका.